मशीन ओके

आमच्या खोलीतला दिवसाचा पहिला पेशंट हा पेशंट नसतोच. सकाळी आठला दार उघडायचं, ईसीजीचं मशीन सुरू करायचं आणि आधी एका धडधाकट माणसाला पलंगावर आडवं करून त्याच्या हृदयाची रेघ काढायची. ती नेहमीसारखी आली की मशीन बरोबर चाललंय असं समजायचं. मग पट्टी कापून वहीत चिकटवायची, खाली 'मशीन ओके' लिहून सही ठोकायची आणि बाहेरच्या बाकावरच्या पहिल्या माणसाला हाक मारायची. हा नियम मोठ्या डॉक्टरांनी घातला, त्याला आता वीस वर्षं झाली. दुसरीकडे असं करतात की नाही, मला माहीत नाही. करत नसतील. दुसरीकडे लोक बरंच काही करत नाहीत.

धडधाकटच माणूस का, तर आमच्याकडे येणारे सगळे आजारीच असतात. कुणाची रेघ धावते, कुणाची रांगते, म्हाताऱ्यांचे हात थरथरतात म्हणून रेघही थरथरते. त्यांच्यावरून मशीन बिघडलंय की माणूस बिघडलाय हे कळायचं कसं? त्यासाठी एक असं हृदय लागतं, ज्याच्याबद्दल कुणाला शंका नाही. सुरुवातीची दहा-अकरा वर्षं ते हृदय माझं होतं. मग पन्नाशी जवळ आली, ब्लडप्रेशर आलं, आणि एक दिवस मोठे डॉक्टर माझी पट्टी बघून म्हणाले की बाई, तुम्ही काही आता नमुना राहिला नाहीत. असं तोंडावर सांगतात ते. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. नंतर काही वर्षं जी नर्स हाताला लागेल तिला झोपवून वेळ भागवली, आणि मग भिंगरी आली.

भिंगरी माझी भाची. सख्ख्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय चोवीस. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून लहानपणापासून घरात तिला भिंगरी म्हणतात, आणि आता आमच्या खात्यातले सगळेही तेच म्हणतात. त्याच न्यायाने मी सगळ्यांची मावशी झाले. माझ्यापेक्षा मोठे असलेले वॉर्डबॉयसुद्धा मला मावशी म्हणतात. मी काही बोलत नाही, पण मला ते आवडत नाही.

मशीन शिकून ती दोन वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली लागली. पहिल्याच आठवड्यात मी तिला सकाळी पलंगावर झोपवलं, आणि काय रेघ आली म्हणून सांगू! दोन ठोक्यांमध्ये मोजून चार मोठे चौकोन आणि वर चिमूटभर, म्हणजे मिनिटाला बहात्तर. खालची रेघ आखून काढल्यासारखी सरळ. मोठ्या डॉक्टरांनी ती पट्टी प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावली. शिकायला येणाऱ्या पोरांना ते तिकडे बोट दाखवून सांगायचे की आधी हे डोळ्यांत भरून घ्या, मग रोग शिका. मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की हे आमच्या घरचं आहे. माझी मान ताठ व्हायची, खोटं कशाला बोलू.

यात माझा स्वार्थ होता, तोही सांगून टाकते. माझी बहीण छत्तिसाव्या वर्षी गेली. सकाळी दोरीवर कपडे वाळत घालत होती, हातातला टॉवेल पिळलेला तसाच, आणि खाली बसली ती उठली नाही. हृदय, एवढंच डॉक्टर म्हणाले. त्यापुढे कुणी शोधलं नाही आणि आम्हीही शोधायला लावलं नाही. मी तेव्हा याच खोलीत होते, दिवसाला तीस-तीस जणांची रेघ काढत होते. तिची एकदाही काढली नव्हती. भिंगरी तेव्हा अकरा वर्षांची. तिचे वडील कामानिमित्त कायम दुसऱ्या शहरात, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. ती आल्यावर आठ दिवसांत मी तिला इथे आणून तिची रेघ काढली. ठीक होती. तेव्हापासून ती माझ्या घरात आहे, आणि नमुना म्हणून कुणाला झोपवायचं हा प्रश्न आला तेव्हा मीच पटकन म्हणाले, भिंगरीला. लोकांना वाटलं, मावशीला भाचीचं कौतुक. कौतुक होतंच. पण रोज सकाळी आठ वाजता मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं की आज ठीक आहे. मशीनचं निमित्त.

पोरगी हुशार. आमच्या मशीनच्या दहा वायरींचा रोज गुंता व्हायचा आणि रोज मी तो शिव्या घालत सोडवायची. तिने एक फळी आणली, तिच्यावर ओळीने दहा कड्या ठोकल्या आणि प्रत्येक वायरीला आपली आपली कडी दिली. कड्या कशाच्या, तर ते एनर्जी ड्रिंकचे कॅन येतात ना, उंच, सडपातळ, वर कसलीतरी वीज काढलेली, त्यांच्या तोंडाच्या कड्या. इतक्या आणल्यास कुठून, मी विचारलं. ती म्हणाली, क्लासमधली मुलं पितात, त्यांच्याकडून गोळा केल्या. मला काय पटायला वेळ लागतो? मी ती फळी अख्ख्या खात्याला दाखवून आले. उरलेल्या कड्या ती जेलीच्या एका जुन्या बरणीत भरून आपल्या खणात ठेवायची.

क्लास म्हणजे इकोचा, हृदयाचं चित्र काढायच्या मशीनचा. तो केला की तिला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळणार होती. पहाटे पाचला उठून अभ्यास, आठ ते चार इथे, पाच ते आठ क्लास. घरी आली की ताट समोर घेऊन नुसतं चिवडायची. मी ओरडायची. ती हसायची. गुडघा सारखा हलत असायचा तिचा, टेबलावरचं भांडं वाजेपर्यंत. पण ते लहानपणापासूनचंच, भिंगरी नाव काय उगाच पडलं होतं?

तर, एका सोमवारी सकाळी तिची रेघ केसाळ आली. म्हणजे ठोके जागच्या जागी, पण खालच्या सरळ रेघेवर बारीक लव उठल्यासारखी. आमच्या धंद्यात असं झालं की शेंबडं पोरसुद्धा सांगेल, अर्थिंग गेलं. मी पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले. लव तशीच. मनगटाचे चिमटे घासले, छातीवर चिकटवायचे रबरी फुगे धुतले, जेली बदलली. थोडी कमी झाली, की मला तसं वाटलं. मी तिला म्हटलं, हात सैल सोड. सैलच आहेत, ती म्हणाली. मी वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, बंद केला, अर्थिंग उत्तम आहे म्हणाला. त्याला काय कळतंय, असं मी त्याच्यासमोरच म्हटलं. मग माझा संशय भिंतीपलीकडच्या लिफ्टवर गेला. तीन दिवस सकाळी आठ वाजता मी लिफ्ट थांबवून ठेवायची आणि लोक जिन्याने धापा टाकत हृदयाच्या तपासणीला यायचे. मोठ्या डॉक्टरांपर्यंत तक्रार गेली.

दुसऱ्या आठवड्यात चौकोन घटायला लागले. चाराचे साडेतीन झाले, साडेतीनाचे तीन आणि थोडं. म्हणजे हिशेबाने पोरीचे ठोके मिनिटाला नव्वदच्या वर. मी मनाशी म्हटलं, हां, आता कळलं, कागद ओढणारी मोटर थकली. कागद हळू सरकला की ठोके जवळजवळ छापले जातात आणि माणूस आहे त्यापेक्षा जोरात धावतोय असं दिसतं. जुन्या मशीनचं होतं असं कधीतरी. हे मी भिंगरीला समजावूनही सांगितलं, पलंगावर पडल्या पडल्या, जणू ती पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. ती छताकडे बघत हूं म्हणाली.

मधल्या दिवसांत तीनदा असं झालं की पट्टी निघत असताना मध्येच एक वेडावाकडा ठोका आला, आणि ती लगेच म्हणाली, माझं हललं, परत काढ. मी ती पट्टी फाडून कचऱ्यात टाकली आणि परत काढली. हललं तर हललं. मी म्हणायची, दोन मिनिटं लाकडासारखं पडायला काय होतं ग तुला.

आता मोटर खरंच हळू झाली आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. हातात घड्याळ घ्यायचं, दहा सेकंद कागद सोडायचा आणि फूटपट्टीने मोजायचं. पंचवीस सेंटीमीटर भरला की मोटर ठीक. मला हे येतं. मी कितीतरी पोरांना शिकवलंय. मी केलं नाही. गरजच वाटली नाही, कारण माझ्या लेखी या खोलीत बिघडू शकणारी गोष्ट एकच होती, आणि ती म्हणजे मशीन.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, मशीन दुरुस्त करणारा कंपनीचा माणूस आला. सज्जन माणूस, पण गडबडीत. त्याचं तपासणीचं खोकं, मशीनला नकली ठोके पुरवणारं, दुसऱ्या दवाखान्यात अडकलं होतं, सोमवारी आणतो म्हणाला, तोवर थांबा. मी कसली थांबते. भिंतीवरची पट्टी काढून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, ही मुलगी, ही तिची रेघ, दोन वर्षं बहात्तर आहे, वाटल्यास वह्या बघा. मशीन हिच्याशी जुळवून द्या. तो जरा घुटमळला. सव्वीस वर्षं मी या मशीनवर आहे, मी म्हटलं. मग त्याने मागचं झाकण काढलं, एक स्क्रू पिळला, भिंगरीला आडवं केलं, परत पिळला. चौथ्या वेळेला बरोबर चार चौकोन आले. लव होती थोडी, पण चौकोन चार. मी त्याला चहा पाजला. भिंगरी पलंगावरून उतरताना बराच वेळ पायाने चपला शोधत राहिली.

शुक्रवारी सकाळी मशीन ओके.

साडेनऊपर्यंत आठ पेशंट झाले. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतून पहिला निरोप आला की आज काय सगळ्यांना झोपेची गोळी देऊन पाठवताय का? पन्नास, चोपन्न, अठ्ठेचाळीस, सगळे ठोके मंद. मी निरोप घेऊन आलेल्या पोरीला म्हटलं, त्यांना सांग, थंडी पडलीय. मला विनोद सुचत होते बघा.

अकरावा पेशंट होता म्हातारा घड्याळजी. चौकातल्या कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे, घड्याळं दुरुस्त करतो, वर्षातून तीनदा आमच्याकडे येतो. त्याची पट्टी घेऊन तो आत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. ठोके पंचावन्न आलेत, डॉक्टर म्हणतात गोळी अर्धी करा, असं सांगत होता. पण माझे ठोके बहात्तर आहेत, मी रोज सकाळी उठल्यावर मोजतो, आजही मोजले. मी म्हटलं, आजोबा, मोजण्यात चूक होते माणसाची. तो शांतपणे म्हणाला, बाई, मी पन्नास वर्षं दुसरं काही केलेलं नाही.

आणि त्याने मनगट पुढे केलं.

मी ते धरलं ते केवळ त्याचं तोंड बंद करायला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. बहात्तर. परत मोजलं. एकाहत्तर. मग मी त्याला पलंगावर बसवलं, त्याच्याच हातातलं घड्याळ त्याला धरायला सांगितलं आणि कागद सोडला. दहा सेकंद, तो म्हणाला. मी फूटपट्टी लावली. पंचवीस हवे होते, बत्तीस सेंटीमीटर भरले. म्हणजे मोटर धावत होती. काल पिळलेला स्क्रू चुकीचा होता. काल पिळायच्या आधी मोटर ठीक होती.

पुढचं गणित करायला मला फार वेळ लागला नाही, पण ते करायचंच नाही असं माझं डोकं म्हणत होतं. मोटर आधी ठीक होती, तर अर्थिंगही ठीक होतं, वायरमन बरोबर होता, लिफ्टचा काही दोष नव्हता. तीन आठवडे मशीन जे सांगत होतं ते खरं होतं.

भिंगरी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून नावं लिहीत होती. गुडघा हलत होता. मी गेले आणि तिचा पेनाचा हात तसाच धरला. तेरा वर्षं माझ्या घरात राहिली ती, दोन वर्षं रोज सकाळी मी तिला वायरी लावल्या, पण तिची नाडी हाताने मी कधी बघितली नव्हती. बोटं थंडगार होती आणि कातडीखाली बारीक थरथर, कुठेतरी सायलेंटवरचा फोन वाजत असावा तशी. ठोके धावत होते. चाळिसाव्या सेकंदाला एक गळला, मग एक जोरात आला. एकशे दोन.

घड्याळजी अजून पलंगावर बसला होता. मी त्याला जरा बाहेर बसायला सांगितलं. दार लावलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तिने मान हलवली. होय अशी.

"कधीपासून?"

"ते उलटे ठोके मला कळतात, मावशी. घशापाशी काहीतरी उडी मारतं. पट्टी चालू असताना आलं की मी हलले म्हणायची." मग म्हणाली, "तू मशीनला शिव्या घालायचीस ना, तेव्हा मला बरं वाटायचं. वाटायचं, मशीनच असेल. नाहीतर मग आईसारखं असेल."

मी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले.

मग ती आपणहून सांगायला लागली. पहाटे उठल्यावर एक कॅन, कारण डोळे उघडत नाहीत. अकराला एक, चारला एक, क्लासच्या आधी एक. परीक्षेच्या आधीच्या दिवसांत पाच. न प्यायलं तर डोकं ठणकतं आणि अक्षरं दिसेनाशी होतात, प्यायलं की तीन तास माणसात येते. रात्री पाठ टेकली की झोप नाही, म्हणून पहाटे परत लागतं. कॅनचा आणि ठोक्यांचा काही संबंध असेल हे डोक्यात आलं नाही का तुझ्या, मी विचारलं. हृदयाच्या खोलीत काम करतेस तू. ती म्हणाली, सगळेच पितात, क्लासमधली मुलंसुद्धा, त्यांना कुणाला काही होत नाही. म्हणजे झालं तर ते माझ्यातलंच काहीतरी. आणि ते तिला ऐकायचं नव्हतं.

मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि त्यातला मोठा राग माझ्या स्वतःवर होता. तिने जे केलं तेच मी केलं होतं. ती चोवीस वर्षांची, मी छप्पन्न.

मोठ्या डॉक्टरांनी आधी माझी हजेरी घेतली, ती सगळ्यांसमोर, आणि मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मान खाली घालून ऐकून घेतलं. सकाळच्या अकराही पेशंटना परत बोलावलं. स्क्रू जागेवर आला, तोही घड्याळजीच्या घड्याळावर, कारण तो गेला नव्हता. गोळी पूर्णच राहिली ना, एवढं विचारून मग तो घरी गेला.

मग डॉक्टरांनी भिंगरीला आडवं करून लांबलचक पट्टी काढायला लावली. मीच काढली. कागद जमिनीवर पडत राहिला. लव, धावणारे ठोके, मध्येच एक उलटा, मग एक, मग दोन लागोपाठ. किती कॅन, डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, दोन. मी उठले, तिच्या खणातली जेलीची जुनी बरणी आणली आणि त्यांच्या टेबलावर उपडी केली. कड्या टेबलभर पसरल्या, काही खाली घरंगळल्या. मोजायची गरज पडली नाही.

डॉक्टर तिला रागावले नाहीत. त्या कॅनमध्ये काय असतं ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. मोठ्या कॅनमागे दोन कडक कॉफ्यांएवढी उत्तेजना, वर साखर, म्हणजे ती दिवसाला आठ-दहा कडक कॉफ्या पीत होती, उपाशी पोटी आणि न झोपता. त्याने हात थरथरतात, झोप जाते, दाब चढतो, ठोके धावतात आणि काहींचे चुकतात. कुणाचे चुकतील ते कॅनवर लिहिलेलं नसतं. पुष्कळ जणांना खरंच काही होत नाही, ते म्हणाले, म्हणून तर जो तो पितो. नंतर त्यांनी चष्मा काढला.

"तुझ्या आईला काय झालं होतं ते मला माहीत नाही, आता कुणालाच कळणार नाही. म्हणून तुझ्या बाबतीत मी 'बहुतेक काही नसेल' असं म्हणणार नाही. आज बंद. तपासण्या सगळ्या करू आणि मग बोलू."

भिंगरीने खाली वाकून पडलेल्या कड्या गोळा केल्या.

दुपारी डॉक्टरांनी जुन्या वह्या मागवल्या. कधीपासून बदललं ते त्यांना बघायचं होतं. मी आणि भिंगरीने वह्या खोलीच्या जमिनीवर उघडून ठेवल्या, महिन्याला एक पान, ओळीने. मला खात्री होती, तीन आठवडे. मी छातीठोक सांगितलंही होतं. पण अशी पानं शेजारी शेजारी ठेवल्यावर कुणालाही दिसलं असतं. लव तीन आठवड्यांची नव्हती, सात महिन्यांची होती. आधी नुसती सावली, मग केसभर, मग जरा जास्त. चौकोनही तसेच, दर महिन्याला चिमूटभर कमी. तिचा क्लास सुरू झाला तो महिना आणि रेघ बिघडायला लागली तो महिना एकच. रोज बघत होते मी, म्हणूनच मला दिसलं नव्हतं.

आणि प्रत्येक पट्टीखाली माझ्या अक्षरात, मशीन ओके, आणि सही. सात महिने, एकही दिवस न चुकता. मी माझ्या मुलीसारख्या पोरीचं हृदय बिघडताना रोज कागदावर चिकटवत होते आणि खाली मशीनची खुशाली लिहीत होते. मी वह्यांसमोर जमिनीवरच बसून रडले. भिंगरी बाजूला बसली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो थरथरतच होता.

पुढचे चार दिवस तिचे हाल झाले. डोकं इतकं ठणकायचं की खिडकीचे पडदे ओढून पडून राहायची, चिडचिड करायची, एकदा तर माझ्या अंगावर ओरडली की तू नुसती बघत काय बसलीस. मी म्हटलं, बघायचंच काम आहे माझं, नीट केलं नाही म्हणून आता करतेय. पाचव्या दिवशी ती दहा तास झोपली. मी दर तासाला जाऊन तिचं पांघरूण वरखाली होतंय का बघत होते, हे तिला सांगितलेलं नाही. क्लासला तिने एका महिन्याची सुट्टी टाकली. चहा अर्धा कप, तोही दूध जास्त घालून, आणि त्यावरही कुरकुर.

चोवीस तासांची रेघ काढणारं छोटं मशीन तिच्या कमरेला दोनदा बांधलं. पहिल्या वेळी उलटे ठोके हजारांत होते, दुसऱ्या वेळी शेकड्यांत. इकोही झाला, त्याच वरच्या खोलीत जिथे तिला बसायचं होतं. हृदयाची ठेवण चांगली आहे म्हणाले. अजून दोन तपासण्या बाकी आहेत, त्या मोठ्या दवाखान्यात होतात. आईचं काही उतरलंय का, याचं उत्तर त्यात मिळालं तर मिळेल. तोवर कॅन नाही, जागरण नाही.

भिंतीवरची पट्टी उतरवा, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. मी उतरवली नाही. तिच्याखाली तारीख नव्हती, ती दोन वर्षांपूर्वीच्या वहीतून शोधून लिहिली. त्या दिवशी तसं होतं, एवढंच ते आता सांगतं.

नमुना म्हणून आता एक नवी नर्स येते. तेविशीची, गाल गोबरे. तिला झोपवण्याआधी मी पहिल्याच दिवशी विचारलं की काय काय पितेस, सगळं सांग. ती घाबरून म्हणाली, पाणी. तिची पट्टी वहीत जाते. पण तिच्या आधी, आठला दहा मिनिटं कमी असताना, मी भिंगरीची काढते. त्यासाठी वेगळी वही केली आहे.

कॅन बंद केल्याचा काल तेरावा दिवस. ती आडवी झाली, दहा कड्यांवरून दहा वायरी मी काढल्या आणि लावल्या. रेघ निघायला लागली. लव नव्हती. सरळ, स्वच्छ, चौकोन जवळजवळ चार. मी श्वास सोडणार एवढ्यात शेवटच्या वितीत एक ठोका आधीच पडला, वेडावाकडा, आणि त्याच्यामागे रिकामी जागा.

भिंगरीलाही तो कळला असणार. छताकडे बघत तिने विचारलं, "परत काढायची?"

"नाही," मी म्हटलं.

पट्टी कापली, चिकटवली. सवयीने हात चालला आणि खाली मशीन ओके लिहून बसले. खोडावं असं एकदा वाटलं. पण खोडलं नाही, कारण ते खरं होतं. मशीन ठीक होतं, म्हणजे तो ठोकाही खरा होता. त्याच्याभोवती मी लाल पेनाने गोल केला आणि मग सही केली.

वायरी काढून झाल्यावर ती उठायला लागली, तर मी तिला पडून राहायला सांगितलं आणि तिचं मनगट हातात घेतलं. बोटं ऊबदार होती. बाहेर बाकावर लोक जमले होते, कुणीतरी दारावर टकटक केली, आठ वाजून गेले म्हणून. थांबा, मी म्हटलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं.